उतारगल्लीतल्या जुन्या भेगा

जगातली प्रत्येक भेग मुळात जुनीच असते. नवी भेग असं काही नसतं; कालपर्यंत जी आपल्या नजरेला पडली नाही, तिला आपण अज्ञानापोटी नवी म्हणतो. हे तत्त्व ज्याला एकदा उमगलं, त्याच्या भिंतीत हात जाईल एवढी फट पडली तरी त्याचं चित्त ढळत नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेच्या काठाला उतारगल्ली नावाची पंधरा घरांची गल्ली आहे. तिथल्या रहिवाशांना हे तत्त्व अलीकडेच, आणि तेही सरकारी खर्चाने शिकवण्यात आलं.

नत्थुजी गावंडे यांना खरं तर ते आधीच कळायला हवं होतं. ते बार्शीटाकळी तालुक्यात चौतीस वर्षं तलाठी होते, आणि तलाठी म्हणजे पंचनामा. गारपीट झाली, पंचनामा. पाऊस जास्त झाला, पंचनामा. पाऊस झालाच नाही, तरी पंचनामा (यात पावसाची सही लागत नाही). निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी घरात दूध नासलं की नत्थुजी आधी पातेल्याची चतुःसीमा लिहून घेतात, असं त्यांची बायको कौशल्या गल्लीभर सांगत असे.

चौतीस वर्षांच्या अनुभवातून त्यांनी एक सिद्धान्त बांधला होता. कास्तकार नुकसान दुप्पट सांगतो, तलाठी निम्मं लिहितो, आणि अशा रीतीने सत्य तंतोतंत नोंदवलं जातं. यात बिघाड तेव्हाच होतो, जेव्हा एखादा कास्तकार खरं सांगतो. त्याचंही निम्मंच लिहिलं जातं, आणि बोल मात्र तलाठ्याला लागतो. म्हणून वही घेऊन आलेल्या माणसाला घरात काय आहे ते दाखवू नये, काय गेलं ते दाखवावं, असं ते गल्लीला समजावत आले होते. गल्ली त्यांचं ऐकायची. न ऐकणारं माणूस गल्लीत एकच होतं, आणि ते त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतं.

इंदूबाई खंडारे एकतीस वर्षं आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. बाळाचं वजन काट्यावर दिसेल तेच त्या लिहायच्या. तालुक्याचा आकडा बिघडून राहिलाय, दोनशे ग्रॅम इकडेतिकडे करा, असे वरून फोन यायचे. त्यावर इंदूबाई म्हणायच्या, "तुमी लेकराच्या आंगात चढवा, मंग म्या वहीत चढवतो." या स्वभावामुळे त्यांना बढती मिळाली नाही. मुलगा स्वप्निल पुण्याला नोकरीला गेला, नवरा आधीच गेलेला, आणि पगारातून विटेवर वीट ठेवून बांधलेलं तीन खोल्यांचं घर एवढंच काय ते त्यांच्याजवळ उरलं. त्या घराचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

या दोन घरांच्या मागे, कुंपणापलीकडे, नदीकडे उतरणारा मोकळा भूखंड होता. वर पुरुषभर काळी माती, तिच्याखाली नदीने आणून टाकलेली मऊ, ओली चिकणमाती, आणि खडक थेट चौदा मीटरवर. श्रावणात इथे म्हशी गुडघ्यापर्यंत रुतत आणि त्यांना दोर लावून काढावं लागे. याच जागेवर सात मजली आपत्ती सज्जता भवन उभारायचं ठरलं. जिल्ह्यात कोणती आपत्ती कधी आणि कुठे येणार, याचा आगाऊ अंदाज या भवनात बसून घेतला जाणार होता. (जागेच्या निवडीत म्हशींचं मत विचारलेलं नव्हतं.)

पाया खडकापर्यंत न्यायचा म्हणून सिमेंटचे तयार खांब, ज्यांना पाइल म्हणतात, ते पाच टनांच्या हातोड्याने जमिनीत ठोकायचे होते. जमिनीला भोक पाडून, आतली माती बाहेर काढून, मग त्यात खांब ओतायचा, अशीही एक पद्धत असते. परंतु निविदेत 'ठोकणे' असं क्रियापद होतं, आणि निविदेतलं क्रियापद बदलायला अमरावतीची मंजुरी लागते.

मार्च महिन्यात गल्लीतल्या प्रत्येक दारावर नोटीस लागली. बांधकामपूर्व स्थितीची पाहणी होणार असून रहिवाशांनी आपापल्या घरातील भेगा दाखवाव्यात, असं तीत म्हटलं होतं. गल्लीने 'पाहणी' हा शब्द वाचला. त्याच्या आधीचे शब्द वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मागच्या जुलैत मोर्णेचं पाणी गल्लीत कमरेइतकं चढलं होतं. तेव्हा पाहणी होईल आणि मदत मिळेल, असं आश्वासन मिळालं होतं. आठ महिन्यांत सरकारला आपली आठवण झाली, म्हणून गल्लीला समाधान वाटलं.

नत्थुजींनी आपल्या ओट्यावर बैठक घेतली.

"भेग पुराची दिसली पायजे," ते म्हणाले. "आज पाडलेली पांढरी दिसते, लगेच वळखू येते. तिच्यात चहाचं पाणी सोडा. दोन दिवसात आठ महिन्याची होते."

पुढचे दोन दिवस उतारगल्लीने जे कष्ट घेतले, तेवढे तिने घरं बांधतानाही घेतले नसतील. केसाएवढ्या भेगा स्क्रू-ड्रायव्हरने बोटाएवढ्या करण्यात आल्या. चार नंबरच्या घराला दिवाळीतच नवा गिलावा झालेला होता, त्यामुळे तिथे छिन्नीशिवाय इलाज नव्हता. नऊ नंबरवाल्यांनी उत्साहाच्या भरात भिंत आरपार केली आणि तिला खिडकी म्हणून नोंदवावं की भेग, यावर घरात वाद झाला. गल्लीत या काळात अडीच किलो चहापत्ती खपली. कौशल्याने मात्र आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावू दिला नाही.

"पुढची खोली फोडा काय फोडाची ते," ती म्हणाली. "माह्या चुलीमांगच्या भिंतीले स्क्रू लावला तं मी माहेरी जाईन."

माहेर चाळीस वर्षांपूर्वीच उठून गेलेलं असल्याने नत्थुजी घाबरले नाहीत. पण भिंत त्यांनी सोडली. त्याऐवजी त्या भिंतीवर कोळशाने दोन भेगा नुसत्या काढल्या. त्या इतक्या हुबेहूब साधल्या की संध्याकाळी कौशल्याने त्यातली एक ओल्या फडक्याने पुसून पाहिली.

पाहणीला आलेल्या कनिष्ठ अभियंता मुलीचं नाव आकांक्षा होतं. ती अमरावतीत शिकलेली होती, तिच्या हातात फूटपट्टी होती आणि प्रत्येक भेगेला ती क्रमांक देत होती. नत्थुजींच्या घरी सेहेचाळीसाव्या भेगेला ती थांबली.

"काका, हे काम सुरू व्हायच्या आधीचं रेकॉर्ड आहे," ती म्हणाली. "आज ज्या लिहू, त्या सगळ्या जुन्या धरल्या जातील. खरंच आहेत तेवढ्याच दाखवा."

नत्थुजी गालातल्या गालात हसले. खरं तेवढंच दाखवा, हे वाक्य त्यांनी स्वतः चौतीस वर्षं कास्तकारांना ऐकवलं होतं. ते ऐकल्यावर शहाणा कास्तकार काय करतो, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी तिला न्हाणीघरातल्या आणखी पाच भेगा दाखवल्या.

शेजारी इंदूबाई दारात उभ्या होत्या.

"माह्या घराले भेग नाई," त्या म्हणाल्या.

"एकही नाही? पुराच्या वेळची वगैरे?"

"पाणी आलं, गेलं. भेग नाई. आत या, टॉर्च लावून पाहा."

आकांक्षाने टॉर्च लावून पाहिलं. भेग नव्हती. नत्थुजींनी कुंपणावरून तीनदा खाकरून पाहिलं, पण इंदूबाईंनी वहीत शून्य लिहून घेतलं आणि खाली आपली ठसठशीत सही केली. अशा रीतीने चौदा घरांत सहाशे अकरा आणि पंधराव्या घरात शून्य भेगा असल्याची नोंद झाली. चौदा घरांच्या सह्या तर नत्थुजींनी जातीने उभं राहून घेतल्या, कारण सहीशिवाय पंचनामा म्हणजे मिठाशिवाय वरण.

आकांक्षाने जाता जाता वरिष्ठांना एक टिपण पाठवलं. खांब गल्लीच्या बाजूने ठोकायला सुरुवात करून घरांपासून दूर दूर जावं. कुंपणालगत एक चर खणावा. खांबाच्या जागची थोडी माती आधी काढून घ्यावी. नाहीतर मऊ चिकणमाती घरांच्या दिशेने ढकलली जाईल, असं त्यात होतं. टिपण उत्तम असल्याचा शेरा मारून ते दप्तरी दाखल करण्यात आलं. भूमिपूजनाचा मांडव भूखंडाच्या पलीकडच्या अंगाला, मोठ्या रस्त्याच्या बाजूला घातलेला होता, त्यामुळे पहिला खांब रस्त्याच्या बाजूलाच ठोकणं भाग होतं. तिथून काम गल्लीकडे सरकत गेलं. शासनाचं काम जनतेच्या दिशेने सरकतं, असं मांडवातल्या भाषणात सांगितलंही गेलं.

इथे थोडं गणित करणं प्राप्त आहे. एका खांबाची जाडी दीड फुटापेक्षा थोडी कमी, लांबी चौदा मीटर. म्हणजे सव्वादोन घनमीटर सिमेंट जमिनीत जातं. असे दोनशे बारा खांब सत्तेचाळीस दिवसांत ठोकले गेले. ही झाली ऐंशी टिप्पर भरतील एवढी जागा. तेवढी माती तिथून निघायला हवी होती, पण भूखंडाच्या फाटकातून मातीचा एकही टिप्पर बाहेर पडला नाही. मग ती गेली कुठे, असं गल्लीने विचारलं. ठेकेदाराने सांगितलं की ती मुरली.

ओली चिकणमाती मुरत नाही, हे कौशल्याला पोळ्या लाटता लाटता कळलं होतं.

"कणकीत बोट खुपसून पाहा बरं," ती नत्थुजींना म्हणाली. "कणीक कुठी जाते? बाजूनंच वर येते ना? येवढं त्या साहेबाच्या बायकोनं त्याले सांगतलं नाई काय?"

तिसऱ्या आठवड्यात माती खरोखरच बाजूने वर आली. गल्लीचा रस्ता फुगला. नत्थुजींचं तुळशीवृंदावन चार बोटं उंच झालं. न्हाणीघरातलं पाणी मोरीकडे जायचं सोडून बैठकीकडे यायला लागलं. हातोड्याच्या प्रत्येक ठोक्याला मांडणीवरचे पेले किणकिणायचे आणि दिवसातून एखादा खाली यायचा. तक्रार गेल्यावर कार्यालयाने या प्रकाराला 'स्थानिक भूउन्नती' असं नाव दिलं, आणि यामुळे रहिवाशांची घरं पूरपातळीपासून विनामूल्य उंचावली गेली आहेत, याकडे लक्ष वेधलं. (नगररचनेच्या एका बाबूने यावर उन्नती कर बसू शकेल काय, अशी विचारणाही केली. ती विचाराधीन आहे.)

गंमत अशी, की रस्त्याच्या बाजूला आधी ठोकलेले खांबही नंतरच्या खांबांच्या धक्क्याने वर आले होते. त्यांना हातोडा मागे आणून पुन्हा खाली ठोकण्यात आलं. एकदा खाली बसवलेला माणूस पुन्हा वर येतो, हे सरकारी नोकरीत नत्थुजींनी पाहिलेलं होतं, त्यामुळे त्यांना त्याचं विशेष वाटलं नाही.

हातोडा थांबला, तेव्हा गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला. पण दाबली गेलेली माती शांत बसत नाही. तिच्यात कोंडलेलं पाणी हळूहळू वाट काढत जातं आणि माती पुन्हा खाली बसू लागते. वर येताना ती सगळ्यांना घेऊन आली होती. खाली जाताना मात्र तिने प्रत्येक भिंतीला वेगवेगळं नेलं. कुंपणाकडच्या भिंती आधी बसल्या आणि गल्लीकडच्या मागे राहिल्या. पोळ्याच्या सुमाराला कौशल्याच्या चुलीमागच्या भिंतीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत, तिरपी भेग पडली. कोळशाने काढलेल्या भेगेपासून वीतभर अंतरावरच ती होती. पहिल्या दिवशी तिच्यात रुपयाचं नाणं जायचं, दसऱ्याला कौशल्याचा डाव दांड्यासकट जाऊ लागला. मागचं दार चौकटीत बसेना. मांजर आता विचारून येत नव्हतं.

इंदूबाईंच्या घराला अकरा भेगा पडल्या आणि मागची भिंत डोळ्यांना दिसेल एवढी कलली. त्यांनी गावठी उपाय केला नाही. आकांक्षाला बोलावून शास्त्राप्रमाणे भेगेवर काचपट्टी लावून घेतली. काच भेगेच्या दोन्ही कडांना चिकटवतात. भेग हलली की काच तडकते. महिन्याभरात इंदूबाईंच्या काचा तीनदा तडकल्या. याची गंभीर दखल घेण्यात आली आणि निकृष्ट काच पुरवल्याबद्दल पुरवठादाराला नोटीस बजावण्यात आली.

गल्लीने भरपाईसाठी अर्ज केले. नत्थुजींनी ते आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले. दीड महिन्याने पंधरा घरांना उत्तरं आली. चौदा उत्तरं सारखीच होती: आपल्या घरातील भेगा बांधकामपूर्व पाहणीत आपल्याच स्वाक्षरीने नोंदवलेल्या असून त्या जुन्या आहेत. भेगांच्या कडांना चढलेला तपकिरी रंग हा त्यांच्या वयाचा पुरावा म्हणून जोडलेला होता. (फोटो रंगीत होते. चहा ओळखू येत होता.)

पंधरावं उत्तर इंदूबाईंचं होतं. त्या ते घेऊन नत्थुजींच्या ओट्यावर आल्या आणि स्वतःच ते वाचून दाखवलं. ज्या अर्थी आपल्या लगतच्या चौदा घरांवर खांब ठोकण्याचा कोणताही परिणाम झालेला नाही, त्या अर्थी केवळ आपल्याच घरावर तो झाला हे संभवत नाही. सबब आपल्या घराचं बांधकाम मुळातच सदोष असावं, असं त्यात लिहिलं होतं.

"सदोष," इंदूबाई म्हणाल्या. "म्या एकएक वीट पाण्यात भिजवून लावली जी."

 कागदाची घडी करून त्या घरी गेल्या. नत्थुजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. स्वतःचं गेलं त्याचं त्यांना फारसं वाटलं नव्हतं. डाव टाकला, उलटला, असं होत असतं. पण आपल्या एक्कावन्न खोट्या भेगांनी शेजारच्या बाईच्या अकरा खऱ्या भेगा खाल्ल्या, ही गोष्ट त्यांना कोणत्याच रकान्यात बसवता येईना. त्यांना लाज वाटली. चौतीस वर्षांच्या नोकरीत ती वाटण्याचा प्रसंग आला नव्हता, त्यामुळे तिचं करायचं काय हेही त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं.

डिसेंबरात अमरावतीला अपिलाची सुनावणी लागली. नत्थुजी आणि इंदूबाई सकाळच्या एसटीने गेले, स्टँडवरून ऑटो केला आणि दुपारी तीनला त्यांचा पुकारा झाला. सुनावणी अधिकारी सभ्य होते. त्यांनी बसायला सांगितलं. नत्थुजी उभेच राहिले.

"साहेब, त्या भेगा जुन्या नव्हत्या," ते म्हणाले. "त्या म्या केल्या."

"कशाने?"

"स्क्रू-ड्रायव्हरनं. दोन कोळशाच्या होत्या. अन् गल्लीले म्याच शिकवलं. ह्या बाईनं तेवढं खरं लिवून देल्लं, अन् आमच्या पायी तिचं घर खोटं ठरून राह्यलं."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "तुम्ही तलाठी होतात ना? सही केलेला पंचनामा तोंडी सांगण्याने खोटा ठरत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल."

नत्थुजींना ते चांगलं ठाऊक होतं. हे वाक्य त्यांनी एका गारपिटीनंतर बार्शीटाकळीच्या कचेरीत एका म्हाताऱ्याला ऐकवलं होतं. म्हातारा काय म्हणाला होता, ते त्यांना आठवेना. बहुधा तो काठी उचलून निघून गेला असावा.

"ठाऊक हाय साहेब," ते म्हणाले. "तरी बी सांगून राह्यलो."

अधिकारी खरोखरच चांगले होते. त्यांनी विचार करून आदेश दिला. मूळ पूर्वपाहणी अविश्वसनीय असल्याने ती रद्द करण्यात येत असून गल्लीची नव्याने पूर्वपाहणी करण्यात यावी. खांब आता ठोकून झालेले असल्याने ही पूर्वपाहणी पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे मागच्या मार्चमध्येच झाली, असं समजण्यात यावं.

परतीच्या बसमध्ये इंदूबाईंनी डब्यातली अर्धी भाकर आणि ठेचा नत्थुजींपुढे धरला. "चांगलं केलं जी," एवढंच त्या म्हणाल्या. मूर्तिजापूर येईपर्यंत नत्थुजी खिडकीबाहेर बघत होते. आपण आयुष्यात एकदा तरी निम्मं न करता सगळं सांगितलं, याचा त्यांना आनंद झाला होता.

हा आनंद अकोल्याच्या स्टँडपर्यंत टिकला. तिथे उतरताना त्यांच्यातला तलाठी जागा झाला. नवी पाहणी मागच्या मार्चची धरली जाणार. म्हणजे तिच्यात जेवढ्या भेगा दिसतील तेवढ्या जुन्या ठरणार. म्हणजे तिच्यात एकही दिसता कामा नये. शून्य लिहून घेतलं, की त्यानंतर दिसणारी प्रत्येक भेग नवी आणि भरपाईला पात्र. सिद्धान्तात खोट नव्हती. फक्त तो उलटा लावायचा होता.

गल्लीने ज्या निष्ठेने भेगा पाडल्या होत्या, त्याच निष्ठेने जानेवारीत त्या बुजवल्या. बोटाएवढ्या भेगांत पुट्टी भरली. हाताएवढ्या भेगांत आधी जुनी साडी कोंबून वर पुट्टी फिरवली. जिथे पुट्टी धरेना तिथे कॅलेंडर लावलं. एका घरात एक कॅलेंडर पुरत नसल्याने मागच्या पाच-सात वर्षांची कॅलेंडरं पेट्यांतून बाहेर निघाली. पाहणीच्या दिवशी उतारगल्लीच्या भिंतींवर एकशे अठरा कॅलेंडरं होती, आणि त्यातली चौदाच चालू वर्षाची होती. कौशल्याची भेग तिरपी असल्यामुळे तिथे कॅलेंडरंही तिरपी, पायऱ्यांसारखी लावावी लागली.

नत्थुजी पुट्टीचा डबा घेऊन इंदूबाईंकडे गेले. "या बारीनं तरी आयका," ते अजिजीने म्हणाले. "तुमच्याचसाठी सांगून राह्यलो."

"भिंत कलली हाय," इंदूबाई म्हणाल्या. "तिच्यावर कॅलेंडर लावलं तं ते बी लटकल. जे दिसते ते लिवतीन."

आकांक्षा आली. नत्थुजींच्या स्वयंपाकघरात तिने तिरपी कॅलेंडरं एकेक करून मोजली. घरगुती सामान हलवू नये असा पाहणीचा नियम आहे, आणि कॅलेंडर हे सामान आहे.

"काका, कॅलेंडरं पुष्कळ आहेत," ती म्हणाली.

"हौस हाय मॅडम."

"मी मागच्या वेळी काय म्हणाले होते, आठवतं?"

"आठवते ना. कमी दाखवा म्हने. तेच करून राह्यलो."

 'हौस' असा शेरा तिने लिहिला आणि ती शेजारी गेली. तिथे तिने अकरा भेगा मोजल्या, कललेल्या भिंतीला ओळंबा लावला, दिसलं ते लिहिलं. इंदूबाईंनी सही केली.

निकाल मार्चमध्ये आला. तो तर्काच्या दृष्टीने निर्दोष होता, आणि नत्थुजींनी तो दोनदा वाचून मनातल्या मनात त्याला दादही दिली. दोनशे बारा खांब ठोकून झाल्यानंतर केलेल्या पाहणीत चौदा घरांत एकही भेग आढळलेली नाही; सबब खांबांमुळे नुकसान झालं, हे म्हणणं निराधार आहे. पंधराव्या घरात अकरा भेगा आढळल्या; परंतु ही पाहणी पूर्वलक्षी असल्याने त्या भेगा खांब ठोकण्यापूर्वीच्या ठरतात. एकच पाहणी एका बाजूने नंतरची होती आणि दुसऱ्या बाजूने आधीची. पत्राच्या शेवटी रहिवाशांच्या सहकार्याबद्दल आभार मानलेले होते.

कौशल्या आता दारासमोरच्या ओट्यावर स्वयंपाक करते. मृगाच्या आत मागची भिंत उतरवून घ्या, असं गवंड्याने सांगितलं आहे. ती उतरवली तर घराला मागची बाजूच उरत नाही, म्हणून नत्थुजी रोज एक दिवस पुढे ढकलतात.

मे महिन्यात पुन्हा नोटीस लागली. आपत्ती सज्जता भवनाला विश्रामगृह जोडायचं आहे. एकशे साठ खांब ठोकायचे आहेत, त्याआधी पूर्वपाहणी होईल. त्याच दिवशी चार वाजता इंदूबाई कुंपणापाशी आल्या. पदराखाली रिकामं पातेलं होतं.

"नत्थुजी, पुट्टी उरली काय थोडी?"

नत्थुजींना हे ऐकायचं नव्हतं. गल्लीत कोणीही मागितली असती तर त्यांनी डबा हातात दिला असता. "काहून, इंदूबाई?" ते म्हणाले. "तुमी तं दिसते तेच..."

"एकतीस वर्सं काट्यावर दिसलं तेच लिवलं," इंदूबाई म्हणाल्या. "आता काटाच त्याइचा हाय. द्या."

नत्थुजींनी पातेलं भरून दिलं. देताना थोडी पुट्टी कुंपणावर सांडली. ती तिथेच वाळली आहे.

वाचकाला इथवर इंदूबाईंचं वाईट वाटलं असेल आणि नत्थुजींचं हसू आलं असेल. ते साहजिक आहे. दुसऱ्याच्या भिंतीवरची भेग सगळ्यांनाच नीट दिसते. मजकूर वाचून झाल्यावर सवडीने आपल्याच घरात एक फेरी मारावी. बैठकीच्या खोलीतल्या, दाराच्या डाव्या हाताच्या त्या कॅलेंडरचा महिना उलटायचा राहिला आहे. ते तीन वर्षांपूर्वीचं आहे, हे आपल्यालाही ठाऊक आहे, आणि तरी आपण ते काढलेलं नाही.